चादरींच्या खोलीचं दार

कॅन्ससमधलं आमचं स्टेशनसमोरचं हॉटेल तीस वर्षं बंद होतं. ते पुन्हा पूर्वीसारखं करायचं ठरलं, तेव्हा सुतारकाम माझ्याकडे आलं. दीड वर्षात मी अठ्ठेचाळीस दारं घासून नव्यासारखी केली. गावानं कौतुक केलं, मीही फुशारलो.

उद्घाटनाच्या दुपारी ऐंशीच्या घरातली एक बाई काठी टेकत आली. लव्हॉन पर्सेल. तिची आई इथं चादरी धुवायची.

"चादरींच्या खोलीचं दार दाखव रे," ती म्हणाली. "दर वाढदिवसाला आई मला त्याला टेकवून उभं करायची आणि डोक्याच्या उंचीला दारावर पेन्सिलीनं रेघ मारायची. सात रेघा आहेत बघ."

त्या रेघा मी पाहिल्या होत्या. शेजारी तारखा होत्या, नाव होतं. दार डागाळलेलं दिसेल म्हणून मी त्यांच्यावरून पॉलिशपेपर फिरवला होता.

"ते दार कुजलं होतं, आजी. बदलावं लागलं."

"असं होय."

तरी ती दारापाशी गेली. गुळगुळीत लाकडावरून तिनं हात फिरवला, मग कष्टानं वाकून खालच्या बिजागरीजवळ बोटं नेली. तिथला कुरतडलेला कोपरा मी तसाच सोडला होता. कोण बघतंय तिथं?

"हे आमच्या ड्यूकचे दात," ती म्हणाली. "फार द्वाड कुत्रा होता."

तिला सरळ व्हायला मी हात पुढे केला. तो तिनं घेतला नाही.