ओलं तेवढं कंपनीला

मी हे सगळं सूड म्हणून केलं, हे आधीच सांगून टाकते. पेपरात माझा फोटो आला, खाली ‘पर्यावरणाची सखी’ असं छापलं होतं, आणि वस्तीतल्या बायका दोन दिवस मला ‘सखी, सखी’ म्हणून चिडवत होत्या. पर्यावरणाशी माझं काही वाकडं नाही. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच माणूस होता, मोहित साहेब.

शहराच्या कडेला, कचऱ्याच्या डोंगरापाशी आमची एक शेड होती. वर टिन, तीन बाजूंनी जाळी. माझ्या सासूने, सिंधूताईने, अठरा बायका जमवून आणि दहा वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून ती उभी करून घेतली होती. डोंगरावर वेचलेला माल तिथे सावलीत बसून निवडायचा. पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळं. नागपूरच्या मे महिन्यात त्या डोंगरावर उभं राहिलेल्यालाच छताची किंमत कळते. तिथेच आम्ही डबा खायचो, तिथेच भांडायचो, आणि पावसाळ्यात माल कोरडा राहायचा. भिजलेल्या पुठ्ठ्याला कोणी हात लावत नाही.

मग कंपनी आली. कचरा जाळून वीज करणार म्हणे. तिचा मॅनेजर हा मोहित साहेब. तिशीचा, पुण्याकडचा, बोलायला साखर. रोज सकाळी शेडमध्ये येऊन आमच्यात बसायचा, आमच्या गिलासातून चहा प्यायचा. ‘प्रेमिलाताई, कुठल्या भागातून काय येतं हो?’ शिकलेला माणूस आपल्याला विचारतोय, या खुशीत मी बोलत सुटले. धरमपेठेतून पुठ्ठे, इतवारीतून कापड दुकानांचं प्लास्टिक, कॉटन मार्केटातून नुसता ओला पाला. ओल्याने आग धरत नाही, जळण्यासारखं जे असतं ते आमच्या पोत्यांत असतं, हेही मीच हसत हसत सांगितलं. तो वहीत लिहून घेत होता. “एवढं काहून सांगून राहिली वं त्याले?” सिंधूताईने मला एकदा टोकलंही. मी कानाआड केलं.

एका सोमवारी गेलो तर फाटक बंद. आत शेड पाडलेली. पंधरा दिवसांची निवडलेली पोती जेसीबी उचलत होता आणि भट्टीकडे नेत होता. मोहित साहेब आतून म्हणाला, “तुम्ही जे नेता ते आमचं इंधन आहे. आजपासून आत यायचं नाही. चिंध्या वेचणाऱ्या बायांसाठी प्लांट थांबणार नाही.” सिंधूताई फाटकाला धरून ओरडत होती. गार्डाने फाटक ओढलं, ती सिमेंटवर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मोहित साहेबाने पाहिलं. पाहिलं, आणि मोबाइल कानाला लावून पाठ फिरवली. ती पाठ मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बायका म्हणाल्या, मोर्चा काढू. दीप्ती आमच्यात सगळ्यात तरुण आणि तोंडाने फटकळ, तिने घोषणासुद्धा जुळवल्या होत्या.

“मोर्चा नाई काढायचा,” मी म्हटलं. “त्याची भट्टी विझवायची.”

“अन् ते कशी?”

“कोरडं त्याच्यापर्यंत पोचूच नाई द्यायचं.”

घंटागाडी आठला येते. आम्ही सातला जायला लागलो. अठरा बायका, अठरा वस्त्या. “ताई, कोरडं मले द्या, ओलं तेवढं गाडीत टाका.” वेगळं करा, वेगळं करा, म्हणून भोंग्यावर गाणी वाजली तरी ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं, त्या बाया दारात रोज तेच तोंड दिसायला लागल्यावर लाजेकाजेने ऐकायला लागल्या. एका मोठ्या सोसायटीच्या गार्गी मॅडमनी तर सगळ्या फ्लॅटना मेसेज केला. “पर्यावरणासाठी किती करता हो तुम्ही!” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “हो मॅडम, पर्यावरणासाठीच.” इतवारीत मी दुकानांसमोर झाडून दिलं, त्याच्या बदल्यात सगळं पॅकिंग माझं.

त्यात एप्रिल लागला. एप्रिलात नागपूर टरबूज खातं, दुसरं काही खातच नाही. गाड्याच्या गाड्या भरून साली, वर आंब्याची सालं, चहाचा चोथा, रसवंतीवरचा उसाचा ओला चोयटा. मी मुद्दाम हाच महिना धरला होता.

माझ्या बहिणीचा मुलगा धम्मानंद त्याच प्लांटमध्ये बॉयलरवर होता. चाळिशीचा, आधी कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटावर काम केलेला. रविवारी जेवायला यायचा.

“जय भीम मावशी. आमची भट्टी काही पेटून नाई राहिली. नुसता धूर. डिझेल वतू वतू जीव गेला.”

“अरेरे,” मी म्हणायचे, आणि त्याला मटणाचा रस्सा जास्तीचा वाढायचे. त्याला सगळं कळत होतं. तो खाली मान घालून हसायचा.

एक मेला उद्घाटन होतं. मुंबईहून पाहुणे आले, मांडव उभा राहिला, भट्टीच्याच विजेवर पेटणारा, कंपनीच्या नावाचा दिव्यांचा फलक लागला. आम्ही अठरा जणी फाटकाबाहेर सावली धरून उभ्या. बटण दाबलं. फलक दोनदा लुकलुकला आणि गपगार झाला. मग चिमणीतून जो पिवळा धूर निघाला, तो सरळ मांडवात उतरला. पाहुणे नाकाला रुमाल लावून गाड्यांकडे पळाले. कोट घातलेला मोहित साहेब या गाडीपासून त्या गाडीपर्यंत धावत होता, आणि त्याच्यासाठी कोणी काच खाली करत नव्हतं. मी पोटभर पाहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो माझ्या दारात आला. घरात मी एकटी, आतल्या खोलीत सिंधूताई झोपलेली. हातात कागद होता.

“प्रेमिलाताई, शेड बांधून देतो. जुनीपेक्षा मोठी. वरच्यांची सही घेऊन आलोय, वाचा. अठराही जणी आत या. फक्त निम्मं कोरडं भट्टीला सोडा. पंधरा दिवसांत भट्टी पेटली नाही तर माझी नोकरी जाते.” तो वाकला आणि खरंच माझ्या पायाला हात लावला. “चुकलो मी.”

मी दहावी पास आहे. उंबऱ्यात उभ्या उभ्या तो कागद मी वाचला. सगळं होतं त्यात. छत, नळ, अठरा नावं. शहाण्या बाईने बायकांना हाक मारली असती. पण मला तो कागद दिसतच नव्हता. मला एवढंच ऐकू आलं की याची नोकरी जाते.

“आमी चिंध्या वेचणाऱ्या बाया, साहेब,” मी म्हटलं. “आमाले कागदातलं काय समजते?”

आणि दार लावून घेतलं. कोणाला काही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी त्याला काढलं. खोकं मांडीवर घेऊन तो ऑटोत बसला, हे धम्मानंदने सांगितलं, तेव्हा मी घरात पुरण शिजवलं. नवा मॅनेजर आला तो आमच्याकडे फिरकलाही नाही. त्याने उमरेड, खापा अशा गावांतून कोरडा कचरा ट्रकने आणायचा ठेका दिला. भट्टी पेटली. आमचा माल वस्तीच्या गल्ल्यांत उघड्यावर होता. जून सरता सरता त्याचा लगदा झाला.

तेव्हाच एका रविवारी, अंगणात सगळ्या बसलेल्या असताना, धम्मानंद सहज बोलून गेला. “त्या मोहितनं शेडचा कागद बनवला होता ना, सही-शिक्क्याचा? मावशीलेच तर द्यायले आला होता.”

दीप्ती माझ्याकडे वळली. “काहून नाई सांगतलं वं मावशी?” एवढंच म्हणाली. एकेक करत सगळ्या उठून गेल्या.

आतून सिंधूताईने हाक मारली. तिने ऐकलं होतं.

“तो पाया पडला का तुह्या?”

“पडला.”

“मंग?”

“मी दार लावलं.”

मी काही खोटं बोलणार नाही, तो ऑटोत बसला हे आठवलं की मला आजही गोड वाटतं. त्या क्षणीसुद्धा वाटलं, आणि तिने ते माझ्या तोंडावर पाहिलं.

“मले शेड पायजे होती वं,” ती म्हणाली. “तुले तो पायजे होता.”

मग म्हणाली, “मले भितीकडं वळव.”

खुबा मोडल्यापासून तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही. मी तिच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली एक, आणि तिचं तोंड भिंतीकडे करून दिलं. पाठीला उशी लावली आणि बाहेर जाऊन भिजलेला पुठ्ठा उचलायला लागले.