बदललेली झाकणं

परभणीच्या त्या लॅबमध्ये क्युवेट फेकून द्यायची पद्धत नव्हती. क्युवेट म्हणजे बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची डबी, आत समोरासमोर धातूच्या पट्ट्या. तिच्यात यीस्टच्या पेशी आणि बाहेरचा डीएनए घालून विजेचा झटका द्यायचा. पेशींना क्षणभर भोकं पडतात आणि डीएनए आत शिरतो. कंपनी म्हणते, एकदाच वापरा. कंपनीला म्हणायला काय जातं! इथे ती धुऊन, स्पिरिटनं विसळून, झाकणावर मार्करचा काळा ठिपका देऊन पुन्हा डब्यात जायची. ठिपक्याची डबी कधी चालायची, कधी आत ठिणगी पडून सगळा माल करपायचा.

त्या दिवशी एक नवी आणि एक ठिपक्याची, एवढ्याच उरल्या होत्या. नवी वैष्णवीला द्या, असं लॅबचे प्रमुख राजेश्वर सर सांगून गेले होते. बोरी गावच्या या एमएस्सीच्या मुलीकडे डीएनएचा शेवटचा थेंब होता. पीएचडी करणाऱ्या रुद्राणीकडे स्वतःचा डीएनए भरपूर होता, पण तिला त्याच आठवड्यात पीएचडीचं काम तपासणाऱ्या समितीपुढे काहीतरी दाखवायचं होतं. वैष्णवी बर्फ आणायला गेली आणि रुद्राणीनं दोन्ही डब्यांची झाकणं आपसात बदलली. ठिपक्याचं झाकण लावलेली नवी डबी तिनं स्वतःकडे ठेवली. ठिपक्याची डबी दर वेळी थोडीच बिघडते, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

रुद्राणीचा झटका बिनआवाज गेला. वैष्णवीच्या डबीत फट् झालं.

"माजंच चुकलं ताई," वैष्णवी म्हणाली. "पेशी धुताना मीठ राह्यलं आसंल."

मीठ राहिलं तरी ठिणगी पडते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. या मुलीचा हात या कामाचा नाही, असं सर सगळ्यांसमोर बोलले. रुद्राणी शेजारीच उभी होती. तिनं वैष्णवीपुढे पाण्याची बाटली धरली.

पुढं रुद्राणीच्या प्लेटवर डीएनए शिरलेल्या यीस्टचे पांढरे ठिपके छान उगवले. सर खूश झाले. आज सांगू, उद्या सांगू करत रुद्राणीनं समितीही उरकून घेतली, आणि त्याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

समितीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गेटवर मोटारसायकल उभी दिसली. वैष्णवीचे वडील बन्सीधर तिची बॅग दोरीनं बांधत होते. मला हे जमायचं न्हाई, न्यायला या, असा तिनंच घरी फोन केला होता.

"तुमच्याच भरोशावर ठिवली व्हती बाई," ते रुद्राणीला म्हणाले. "लय केलं तुमी. तिलाच जमंना, त्याला तुमी तरी काय करावं?"

रुद्राणीला ते ऐकवेना. "काका, तिचं काही चुकलं नाही. तिची चांगली डबी मी घेतली. झाकणं बदलून जुनी तिला दिली."

बन्सीधरांचा हात दोरीवर थांबला. वैष्णवीनं आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

"म्हंजे माजे हात बरे हायत," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं वडिलांच्या हातातून दोरी घेतली, बॅग सोडवली आणि खांद्याला लावली.

"मॅडम," ती रुद्राणीला म्हणाली, "सरांना सांगायला चलता का?"

कालपर्यंत ती ताई म्हणायची.