तेरा नंबरचं चित्र

दोघी बहिणींतली धाकटी नर्स होती. तिच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटने सहज म्हटलं होतं, "सिस्टर, अगदी तुमच्या तोंडवळ्याची बाई गावच्या संग्रहालयात भिंतीवर आहे." तेव्हापासून तिला चैन नव्हतं. एकदा गुपचूप जाऊन ती बघून आली होती. आज कारण न सांगता थोरलीला, ताईला, घेऊन आली.

जुने नकाशे झाले, सुतारांची हत्यारं झाली, बंद गिरणीचा भोंगा झाला. ताईचं एकच चाललेलं, "झालं का गं? पाय भरून आलेत माझे."

आतल्या खोलीत ते चित्र होतं. खुर्चीत बसलेली बाई, केस मोकळे, नजर थेट समोर. खाली पाटी : १३. अनोळखी स्त्री. तैलरंग.

ताई न थांबता पुढच्या होड्यांच्या चित्राकडे सरकली.

"ताई, हे बघ ना."

"बघितलं. चल, गुदमरायला होतंय इथे."

"आई आहे ती."

"हळू बोल!" ताईने पर्सचा पट्टा घट्ट आवळला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"बाबांची नोकरी सुटली होती तेव्हा. चित्रकलेच्या शाळेत मुलांसमोर चित्रासाठी बसायची, तासाच्या पैशांवर. घरी सांगायची, शिवलेले कपडे पोचवायला जाते. मला बाहेर पायरीवर बसवायची. तू पाळण्यात होतीस."

"आणि इतकी वर्षं मला बोलली नाहीस?"

"शपथ घातली होती तिने."

तेवढ्यात संग्रहालयाच्या बाई जवळ आल्या. "ओळखता का यांना? येईल त्याला विचारतो आम्ही."

"नाही हो," ताई पटकन म्हणाली.

ताईकडे बघायचं धाकटीने टाळलं. "आमची आई," ती म्हणाली.

ताई वळली आणि तडक जिना उतरून गेली.

बाईंनी हरखून वही पुढे केली. नाव, नातं लिहून झालं. 'काम' या रकान्यात धाकटीने शिवणकाम लिहिलं, खोडलं, मग लिहिलं : शिवणकाम, आणि चित्रासाठी बसणे. सही वेडीवाकडी आली.

ताई फाटकापाशी येरझारा घालत होती.

"लिहिलंस?"

"हो."

"सगळं?"

"सगळं. बाबा नाहीत, ती नाही. आता कुणाला लपवायचं?"

ताई एकदम म्हणाली, "थांब इथेच," आणि पुन्हा वर गेली. धाकटीने तीनदा घड्याळ बघितलं. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आली. आपण चुकलो की काय, हेच डोक्यात घोळत होतं.

ताई उतरली तेव्हा डोळे लाल झाले होते.

"पायरीवर बसलं की आतून तिचं हसणं ऐकू यायचं," ती म्हणाली. "खळखळून. घरी तशी कधी हसली नाही गं. शपथेचं सोड, राग होता मला त्याचा. अजून आहे."

धाकटीने ताईच्या हातातली पर्स घेतली, आणि दोघी बस थांब्याकडे चालू लागल्या, नेहमीपेक्षा जरा भरभर.