दुधाचीच तर आहे!

मी एक किडलेली दुधाची दाढ आहे. मित्रांनो, माझं बोलणं तुम्हाला झोंबेल. झोंबू दे. मी चिडलेली आहे आणि मला चिडायचा पुरेपूर हक्क आहे.

मी उगवले तेव्हा माझी मालकीण जेमतेम अडीच वर्षांची होती. तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. तिची आई शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करायची आणि टकळी तिच्या पायाशी चिंध्यांत बसून बाहुल्यांशी बडबडायची. मी नवी, पांढरीशुभ्र. काकडी म्हणू नका, सफरचंद म्हणू नका, समोर येईल त्याचा फडशा पाडायचे.

पण टकळी कुरकुरली की आई तिच्या हातात लिमलेटची गोळी ठेवायची, आणि झोपताना तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली. पोर झोपून जायची, पण गोड दूध माझ्या अंगावर साचून राहायचं. ब्रश होता, पण मोरीच्या फळीवर कोरडा ठणठणीत. माझ्यावर आधी पांढुरका डाग पडला, मग तपकिरी, मग खड्डा.

आईने तो पाहिला. तिने घाबरून आत्याला विचारलं, "वन्सं, ही दाढ काळी पडलीये. दाखवायची का कुणाला?"

"दुधाचीच तर आहे! आज ना उद्या पडणारच. तिच्यासाठी कशाला दवाखाने पालथे घालतेस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला पाय कुठले! पडणार म्हणून मला जीव नाही? माझ्या पोटात नस नाही?

खड्डा त्या नसेपर्यंत पोहोचला. गार पाण्याने टकळी कळवळू लागली. ती एका बाजूने चावू लागली, मग चावणंच सोडलं आणि भिजवलेलं तेवढं गिळू लागली. गालफडं बसली. झोप मोडायची, म्हणून बालवर्गात ती पेंगायची. बडबड तर बंदच झाली.

"हल्ली फार हट्टी झालीये," बाई आईला म्हणाल्या. "काही विचारलं तर तोंड उघडत नाही. लाडावून ठेवलीत वाटतं."

आईने घरी येऊन तिला धपाटा घातला. ठणकत होते मी, आणि मार खाल्ला पोरीने!

एका सकाळी तिचा गाल टम्म सुजला, डोळा अर्धा मिटला, अंग तापलं. बस चालवणारे तिचे वडील गणवेशातच तिला उचलून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. मागोमाग आत्याही गेली.

"इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"दुधाची आहे ना, म्हणून वाटलं..." वडील चाचरले.

"दुधाची? ही दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत टिकायला हवी. खालून येणाऱ्या दाताची जागा हीच राखते. आणि ते जाऊ द्या. पोर जेवते कशी, हे कुणी पाहिलंत का?"

आत्या भिंतीकडे बघत राहिली.

औषधाने सूज उतरल्यावर मला काढलं. वडिलांनी मला कागदात गुंडाळून घरी आणलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर डबीत ठेवलं. तिथूनच मी पुढचं ऐकलं. काही दिवसांनी टकळीने दुसऱ्यांदा जेवण वाढून घेतलं आणि विचारलं, "आई, माझं थांबलं. तुझं कधी थांबणार?"

"माझं काय गं?"

"दात दुखायचं."

आईने वाटी खाली ठेवली आणि तिला जवळ ओढलं. त्या पोरीला वाटत होतं, सगळ्यांचीच तोंडं अशी ठणकतात आणि सगळे मुकाट सोसतात! म्हणून ती कधी बोललीच नव्हती.

मित्रांनो, दुखलं तर सांगा. कुणी ऐकलं नाही तर ओरडून सांगा. आणि मोठ्यांनो, पोराच्या हातात ब्रश कोंबून मोकळे होऊ नका. खाली बसा, त्याचे दात स्वतः घासा आणि उजेडात त्याचं तोंड नीट बघा. आजच बघा.