अडखळी धून

त्या सालच्या लग्नसराईत धुळ्यापासून जामनेरपर्यंत एकच धून वाजत होती. ती ऐकून ज्याचा पाय उचलला नाही तो एकतर रुसलेला जावई, नाहीतर मुलीचा बाप. लोक तिला 'अडखळी' म्हणत. वाजवणाऱ्याचा डावा हात सरळ ठेका धरायचा आणि उजवा जरासा उशिरा, ठेच लागल्यागत सुरावर पडायचा. नाचणाऱ्याचं पाऊल तेवढ्यापुरतं हवेतच राहायचं, आणि सगळी गंमत तिथंच होती.

धून धुळ्याच्या मुख्तारची. बँडच्या हातगाडीवर स्टूल टाकून, दोन्ही पायांनी भाता मारत तो पायपेटी वाजवायचा. भुसावळच्या एका वरातीत रेल्वेतला म्हातारा अँग्लो-इंडियन गार्ड मुद्दाम गाडीपाशी आला. "हे रॅगटाइम तुला कोणी शिकवलं? माझी आत्या पियानोवर असंच वाजवायची." रॅगटाइम हे औषध की गाव, मुख्तारला काय ठाऊक. "कोणी नाही साहेब, माझं मीच," तो म्हणाला आणि महिनाभर छाती फुगवून हिंडला.

माझं मीच, म्हणे. घरात वाजवणारे काय कमी होते? आजा ताशा बडवायचा. बाप हाशम, त्यानं तीस वर्षं क्लॅरिओनेट फुंकली. त्याच्या फुंकीवर अर्ध्या जिल्ह्याची लग्नं लागली, पण त्याचं नाव कुठं कागदावर आलं नाही. मग सोनगीरजवळ बँडचा ट्रक कलंडला आणि हाशमचा एक पाय आखूड झाला. पुढं दात पडले. दात गेले की क्लॅरिओनेट गेली. दुसरा असता तर खाटेवर पडून सुनेला छळत बसला असता. हाशम मुलाची गाडी लोटू लागला. एक पाऊल पुरं, एक अर्धं.

मुख्तारला ते रुचत नव्हतं. पोरं मागून म्हाताऱ्याची नक्कल करत चालायची आणि गाडीवर बसलेल्या मुख्तारची मान खाली जायची. बापावर माया होती, पण लाजही वाटायची. खोटं कशाला बोला.

बरं, चांगल्या धुनेला पाय फुटतात. ज्यानं त्यानं ती उचलली. आणि एक दिवस कानावर आलं, की जळगावचा कॅसेटवाला तोताराम श्रावणातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीसाठी अडखळीची कॅसेट काढतोय, तीही तिथल्याच एका बँडकडून. मुख्तार धावतपळत जळगावला गेला.

"तुझी आहे म्हणतोस तर वाजवून दाखव," तोताराम म्हणाला. "बुधवारी ये. जमलं तर तुझं नाव. नाही जमलं तर गुरुवारी दुपारी ती मंडळी येताहेत, मग त्यांचं. एकदा छापलं की तू बोंबलत बस."

बुधवारी सकाळी हाशम धुतलेला सदरा घालून दारात तयार उभा होता.

"अब्बा, खोलीत बसून वाजवायचंय," मुख्तार म्हणाला. "गाडी नाही लोटायची. तुम्ही घरीच बसा."

हाशमनं सदरा काढून पुन्हा खुंटीला अडकवला.

"म्हाताऱ्याला नेलं असतं तर एसटीला काय जड झालं असतं?" मुख्तारची बायको सकीना म्हणाली. मुख्तारनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ढोलवाल्या चुडामणला घेऊन, पायपेटी टपावर चढवून तो निघाला.

तोतारामनं खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या आणि आवाज नको म्हणून पंखा बंद ठेवला होता. मुख्तारनं वाजवायला घेतलं. सूर बरोबर, ठेका बरोबर, पण धुनेत जीव नाही. उजवा हात कधी फार उशिरा पडे, कधी वेळेवरच. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. चुडामण ढोलावर हात ठेवून खाली बघत बसला.

"अरे, वरात आहे की तेरावं?" तोताराम म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत बघतो तुझी वाट."

संध्याकाळी मुख्तार स्टँडवरच्या बाकावर बसून होता. चहा गार झाला. लाकडावर बोटं चालवून बघितली, जमेना. त्यानं डोळे मिटून वरात आठवली. बत्त्या, धुरळा, आणि बुडाखाली बसणारे गाडीचे धक्के. एक धक्का पुरा, एक अर्धा. पुरा, अर्धा. त्या अर्ध्या धक्क्यालाच त्याचा हात मागं राहायचा. हात कसला, बापाचं पाऊलच मागं राहत होतं, आणि हा वर्षानुवर्षं त्यावर बसून 'माझं मीच' म्हणत होता. पायपेटी नि चुडामण तोतारामकडेच होते; समोर लागलेल्या धुळ्याच्या गाडीत तो एकटाच चढला.

हाशम दुधात भाकरी कुस्करत बसला होता.

"अब्बा, उद्या जळगावला चला."

"काब्र? कशाले?"

"तुम्ही लोटल्याशिवाय माझा हात चालत नाही. ती धून माझ्या एकट्याची नाही, तुमच्या पायाची आहे. मला आज कळलं. चुकलो मी."

म्हाताऱ्यानं भाकरीचं वाडगं बाजूला सारलं. "मन्हा पाय बी काही कामना शे म्हणे," तो सकीनाला म्हणाला, आणि कामाचा ठरलेला तो आखूड पाय चोळत उठला. "सदरा दे मन्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावात चुडामणनं तोतारामच्या शेजारच्या केळीवाल्याची रिकामी गाडी मागून आणली. ती खोलीच्या दारातून मावेना, म्हणून परसात वाजवायचं ठरलं.

"चाकाचा आवाज येईल," तोताराम कुरकुरला.

"येऊ द्या."

माईक गाडीच्या दांड्याला बांधला. मुख्तार वर बसला, हाशमनं गाडी लोटायला घेतली. गाडी परसात गोल फिरू लागली आणि माईकची वायर हातात धरून, शिव्या घालत तोताराम मागं मागं. पहिल्याच फेरीत उजवा हात बरोबर तिथं अडखळला. चुडामण हसत ढोल पिटू लागला. शेजारच्या बाया गच्चीवर आल्या. दुसऱ्या फेरीला तोतारामच्या शिव्या थांबल्या आणि वायर सांभाळता सांभाळता त्याचा पाय उचलू लागला.

"नावं सांग," शेवटी घाम पुसत तो म्हणाला.

"ढोल चुडामण. पायपेटी मुख्तार. गाडी हाशम."

"गाडी लोटणाऱ्याचं नाव कोण छापतं बाबा?"

"मग माझंही छापू नका."

तोतारामनं त्याच्याकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि लिहून घेतलं.

कॅसेट घरी आली तेव्हा हाशमनं ती उलटसुलट करून पाहिली. त्याला वाचता येत नव्हतं. "हाशम कोठे शे?" त्यानं विचारलं. सकीनानं त्याचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. कितीतरी वेळ त्यानं ते उचललं नाही.

कानबाईच्या मिरवणुकीत धुळ्यात हाशमच गाडी लोटत होता. मुख्तारनं वाजवता वाजवता मागं वळून पाहिलं. पोरं नेहमीसारखी म्हाताऱ्याची नक्कल करत होती, एक पाऊल पुरं, एक अर्धं. आणि पोरांच्या मागं, फुगड्या सोडून बाया, टोप्या सावरत बाप्ये, अख्खी गल्ली तशीच पावलं टाकत येत होती.