शेंदूर फासलेली जीप

बाजाराच्या दिवशी पोलादपूरच्या नाक्यावर एक जीप उभी होती आणि तिच्याभोवती दोनशे माणसं. भाजीवाल्या टोपल्या उघड्या टाकून आल्या होत्या. न्हाव्याने एकाची अर्धी दाढी तशीच सोडली होती, आणि ते गिऱ्हाईक फेसाळ गालाने गर्दीत पुढे घुसत होतं.

चमत्कार असा होता, की ही जीप गळत नव्हती.

हसू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली ती जीप महाड-पोलादपूरच्या पोरासोरांना ठाऊक होती. उभी राहील तिथे ती काळ्या तेलाचं थारोळं करी. ती आता महाडच्या रावजी दलालाकडे विकायला आली होती, आणि चाकेश्वर नावाच्या बुवांनी तिला वरून-खालून शेंदूर फासून खाली अंगारा टाकल्यापासून तीन दिवसांत एक थेंब नाही!

बुवा बॉनेटवर मांडी घालून बसले होते.

"भक्तहो, लोखंडाला जीव असतो. या गाडीने लढाई पाहिली, रक्त पाहिलं. ते दुःख तेल होऊन वाहत होतं. मी तिच्या कानात सांगितलं, बाई, आता पुरे! आणि तिने डोळे पुसले."

"गाडीचा कान कुठला हो?" मी विचारलं.

"डावीकडचा," बुवा म्हणाले. लोकांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या.

मी तेव्हा पोलादपूरच्या शाळेत मास्तर होतो. साल एकोणीसशे अठ्ठावन्न.

बुवांनी गाडीबरोबर बंधनंही दिली होती. शेंदूर खरवडायचा नाही. गाडीच्या पोटाखाली डोकं घालायचं नाही. येत्या अमावास्येपर्यंत एका आरतीहून जास्त वेळ इंजिन चालवायचं नाही. जो मोडेल त्याच्या घरावर कोप होईल.

जीप घ्यायला आल्या होत्या उमरठकडच्या चार वाड्या. त्यांच्याकडून आजारी माणूस महाडच्या दवाखान्यात न्यायचा तर डोलीच करावी लागे. दोन वर्षांपूर्वी प्रयागबाईची सून बाळंतपणात अडली आणि डोलीतच गेली, मूलही गेलं. तेव्हापासून वाड्यांनी गाडीचा ध्यास घेतला होता. मुंबईतल्या पोरांनी वर्गणी पाठवली होती, आणि वाड्यांतला वडीलधारा सोनबा ती कमरेला बांधून आला होता. गाडी चालवणार होता महिपत. लढाईत त्याने लष्कराचा ट्रक हाकला होता.

मी महिपतला बाजूला घेतलं. "तू जाणता माणूस. खाली वाकून बघ की!"

"मास्तर, माजी दोन पोरं हायत," तो खालमानेने म्हणाला. "कोप झाला तर?"

मग मीच पुढे झालो आणि शास्त्र, कार्यकारणभाव वगैरे मोठमोठे शब्द वापरून भाषण ठोकलं. बुवांनी ते डोळे मिटून ऐकलं.

"मास्तर, गाडी चालवता येते?"

"नाही."

"निदान उघडता येते?"

"नाही."

"मग शाळेत जा. पोरं भिंतीवरून उड्या मारत असतील."

गर्दी खो-खो हसली. मोटारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

सोनबा कमरेची गाठ सोडायला लागला. तेवढ्यात इतका वेळ रस्त्याकडेला उकिडवी बसलेली प्रयागबाई उठून गाडीपाशी आली.

"म्हाराज, येक इचारू?"

"विचार माई."

"आत तेल हाय का?"

बुवांनी रावजीकडे पाहिलं. रावजी दलाल घाईने म्हणाला, "म्हणजे काय, मावशी? गाडी म्हटली की तेल असणारच!"

"नाय, माजा तांब्याचा हंडा हाय. बुडाला चीर गेलीया. भरला की गळतो. रिकामा ठेवला तर येक थेंब नाय. त्येला काय मंतर लागत नाय, म्हनून इचारलं."

कुणीतरी फसकन हसलं.

"माई," बुवांनी आवाज चढवला, "देवाची जागा आहे ही. हात लावू नये, विचारू नये!"

प्रयागबाईचा चेहरा बदलला. "माज्या सुनेच्या येळेला भगतानं ह्येच सांगितलं. हात लावू नका, बाहेर काढू नका. दीड दिस आमी ऐकलं त्येचं. मग डोली काढली." ती महिपतकडे वळली. "महिपत, कोप व्हायचा तो माज्या घरावर होऊ दे. माज्या घरात आता हायच कोन? तू बघ, रे."

महिपतने टोपी काढून खिशात कोंबली.

"बुवा, खाली उतरा," तो म्हणाला. "बॉनेट उघडायचंय."

त्याने तेल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. खुणेपर्यंत तेल हवं. इथे जेमतेम टोक ओलं होतं.

"भर," प्रयागबाई म्हणाली.

नाक्यावर थांबलेल्या ट्रकवाल्याकडून ऑइलचा डबा आणला. खुणेपर्यंत तेल ओतून महिपतने इंजिन सुरू केलं. बुवांनी तत्काळ आरती धरली, आणि इतक्या भरधाव म्हटली की देवालासुद्धा कुठली ते कळलं नसेल.

"आरती संपली! बंद कर!"

"संपू दे," महिपत म्हणाला, आणि इंजिन चालूच ठेवलं.

हळूहळू गाडीच्या पोटाचा शेंदूर फुगला. त्यातून फेस आला. मग तेलाची काळी धार लागली आणि अंगाऱ्याचा चिखल झाला.

"देवी कोपली!" बुवा ओरडले.

"कोपली नाय," प्रयागबाई म्हणाली. "भरली."

आता मात्र सगळा बाजार हसला. इंजिन बंद करून महिपत गाडीखाली सरपटला आणि कोयत्याच्या टोकाने खरवडू लागला. शेंदराखाली धुण्याच्या साबणाचा गोळा, आणि साबणाखाली इंजिनच्या तेलाच्या चेंबरला बोटभर चीर. तिथून तो मागच्या बाजूला सरकला. तिथेही शेंदूर होता. तोही त्याने खरवडला.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"सोनबा, चासी तुटलीय. सबंध गाडी जिच्यावर बसते ती पट्टीच तुटलीय. तार गुंडाळून, फटीत लांबीचा लगदा भरून वर शेंदूर थापलाय. धा मानसं घालून घाटात गेलो असतो तर..." त्याने कोयता खाली टाकला. "मला समदं कळत हुतं, आनि मी वाकलो नाय."

सोनबाने गाठ पुन्हा आवळली. लोकांनी रावजीला घेरलं तेव्हा त्याने भडाभडा सगळं ओकलं. चिरेच्या खाली राहील एवढंच तेल ठेवायचं. झिरपलाच एखादा थेंब तर अंगारा टिपून घेणार. जास्त वेळ इंजिन चाललं की साबण वितळणार, म्हणून आरतीची अट. बुवा? महाडला पंक्चर काढायचा, बोलायला चटपटीत होता, म्हणून रोजावर आणला होता. हे चाललं होतं तोवर बुवा महाबळेश्वरकडे जाणाऱ्या ट्रकवर चढले होते. तिथून त्यांनी आशीर्वादाचा हात वर केला. कुणी टोमॅटो मारला. तो नेमका बसला.

मी प्रयागबाईला म्हणालो, "बाई, मला हे का सुचलं नाही?"

"तुमी बोलत हुता, मास्तर," ती म्हणाली. "मी गाडीकडं बघत हुते."

पावसाळ्याआधी वाड्यांनी दुसरी जीप घेतली. तिचा मालक रस्त्याचा ठेकेदार होता. त्याने स्वतःच सांगितलं, "मागच्या चाकाशी थोडं गळतं, आणि हा सांधा मी वेल्डिंग करून घेतलाय, नीट बघून घ्या." महिपत तासभर खाली पडून होता. मग दगडांची पोती भरून गाडी आंबेनळी घाटाच्या चार वळणांपर्यंत नेऊन आणली, आणि मगच सोनबाने पैसे दिले. श्रावणात वाडीवरची तुळसा अडली. पाऊस मी म्हणत होता, पण ती वेळेत महाडला पोचली. मुलगी झाली, आणि दोघी चालत्या-बोलत्या घरी आल्या.

मंत्राने लोखंड सांधलं जात नाही आणि शेंदराने चीर बुजत नाही, हे कळायला मोटारीचं ज्ञान लागत नाही. ज्याचा माल खरा असतो तो म्हणतो, या, वाकून बघा, हात लावून बघा. आणि जो म्हणतो बघू नका, मग तो दलाल असो, भगत असो की बुवा, त्याला भर बाजारात विचारा, का नको? त्याचं धड उत्तर मिळेपर्यंत आपल्या माणसांचे जीव त्याच्या हवाली करू नका.