हळदीची खूण

गेली एकोणीस वर्षं मी माझ्या धाकट्या बहिणीच्या, कुंदाच्या, रक्तात वाचायला बसते. सकाळी डबा घेऊन तिच्या कोपराच्या आतल्या बाजूने शिरते आणि संध्याकाळी भाजी घेऊन घरी जाते.

आत सुताची रिळं आहेत. ज्या रिळावर हळदीचं बोट उमटलेलं असेल, ते उलगडायचं आणि त्यावरचं मोठ्याने वाचायचं. वाचलं की तसं होतं. खुणा लावणारे वेगळे, पुसणारे वेगळे. त्यांच्या कामात मी कधी नाक खुपसलं नाही. कुंदाने विळीवर बोट कापून घेतलं की ‘रक्ता, थांब’ मीच वाचायची, आणि ते थांबायचं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

श्रावणात ‘वाढा’ या रिळावर खूण दिसली. हे रीळ कुंदा आईच्या पोटात असताना लागलेलं, असं ऐकून होते. चाळिशीच्या बाईच्या अंगात ते कशाला? मनात आलं, पण खूण ती खूण. मी वाचलं. शेजारच्या पांढऱ्या पेशीच्या दोन झाल्या. दुसऱ्या दिवशीही हळद तशीच होती. पुसणारा फिरकलाच नव्हता. मी आणखी स्पष्ट वाचलं.

महिन्याभरात पेशींनी खोली भरली. सगळ्या कोवळ्या, बिनकामाच्या, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. मला डबा उघडायलाही जागा उरली नाही. बाहेर कुंदा पांढरीफटक पडली होती.

डॉक्टर सबनीस मला म्हणाले, “खूण पुसता येत नाही. वाचणं थांबवता येतं.”

“म्हणजे हे मी केलं?”

“तुम्ही वाचलंत.”

त्यांनी कुंदाला गोळी दिली. तिने ती गिळली आणि गोळी माझ्या तोंडात आली, जीभ आणि टाळू यांच्यामध्ये घट्ट बसली. मी गप्प झाले. पेशी वाढायच्या थांबल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मी तिथे बसून रडले, तेही आवाज न करता.

आज सकाळी कुंदाच्या नाकातून रक्त येऊ लागलं. ते थांबेना. ‘रक्ता, थांब’वर ताजी हळद आहे, पण वाचणार कोण? डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, गोळी हलली तर जीभ आधी महिनाभराच्या सवयीने ‘वाढा’कडेच जाईल.

“ताई,” बाहेरून कुंदा म्हणाली, “एवढं एकच वाच गं.”

तिला मी कधी नाही म्हटलेलं नाही. मी रीळ उलगडलं आणि गोळी जिभेने गालात सरकवली. खोलीभर बसलेल्या पेशींनी एकदम माझ्या तोंडाकडे पाहिलं.